खून कुणी केला ते ठाऊक आहे : वाचनालयातल्या एका प्रकल्पाच्या नोंदी

२ जून २०२५

कार्यकारी मंडळाच्या कालच्या सभेत होकार मिळाला. तीन महिने, रोज संध्याकाळी पाच ते सात, देवघेवीच्या टेबलालगत माझं दुसरं टेबल. येईल त्या सभासदाला रहस्यकथा किंवा ऐतिहासिक कादंबरी सुचवायची, काय दिलं ते लिहायचं, परत आणल्यावर काय म्हणाले तेही लिहायचं.

हे का करते आहे ते आधी नोंदवते. आमच्याकडे रहस्यकथांचं कपाट खिडकीखाली आहे आणि ऐतिहासिक कादंबऱ्यांचं समोरच्या भिंतीला. मध्ये चार पावलं. गेल्या वर्षीचं देवघेव रजिस्टर चाळलं, तर दोन्ही कपाटांतली पुस्तकं नेणारे सभासद बोटांवर मोजण्याइतके निघाले. खिडकीकडचे म्हणतात, "इतिहासात काय, शेवट आधीच ठाऊक." भिंतीकडचे म्हणतात, "आम्ही खून-मारामाऱ्या वाचत नाही." पण कट, फितुरी, बनावट कागद, वेषांतर, भरदिवसा झालेले खून हे सगळं भिंतीकडच्या कपाटात खच्चून भरलंय. ते मला दोन्हीकडच्यांना दाखवायचंय.

५ जून

मोजदाद केली. रहस्यकथा दाखल रजिस्टरात २१२, कपाटात १७८. बाकीच्या कुठे गेल्या ते कुणालाच आठवत नाही. मधल्या कप्प्यात सुहास शिरवळकर, म्हणजे फिरोज इराणी, दारा बुलंद आणि बॅरिस्टर अमर विश्वास. त्यांच्या शेजारी अशोक जैन यांनी मराठीत आणलेला सत्यजित राय यांचा फेलूदा. सगळ्यात खाली बाबूराव अर्नाळकरांच्या छोट्या पुस्तकांचा गठ्ठा, सुतळीने बांधलेला. या माणसाने हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि त्याचा छोटू ही नावं एके काळी घराघरांत होती. आमच्याकडे एकोणतीस उरल्यात. कागद पिवळा पडलाय, कडा हात लावला की तुटतात. पण तारीखपट्टी बघावी. १९७१ च्या एका महिन्यात एकच पुस्तक सहा वेळा बाहेर गेलंय.

गठ्ठा सोडून वरच्या कप्प्यात लावला. सुतळीत बांधलेलं पुस्तक कुणी मागत नाही.

९ जून

पहिला आठवडा नीट गेला नाही. मी विचारत होते, "तुम्हाला काय आवडतं?" आणि उत्तर यायचं, "द्या काहीतरी चांगलंसं." यावरून काहीच हाती लागत नाही.

आजपासून प्रश्न बदलला. "अर्धवट कुठलं पुस्तक सोडलंत? कितव्या पानाशी?" लगेच माणसं बोलायला लागली. सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, "'पानिपत' घेतलं होतं. पन्नास पानांतच नावांचा गुंता झाला. कोण कुणाचा काका आणि कोण कुठला सरदार हेच कळेना, मग राहिलं." म्हणजे पुस्तक नावडतं नव्हतं. वाटेत सांगणारं कुणी नव्हतं एवढंच.

घरी येऊन कार्डशीटच्या एका पट्टीवर नावं लिहिली. वर नानासाहेब पेशवे. खाली त्यांचा मुलगा विश्वासराव. शेजारी चुलतभाऊ सदाशिवराव भाऊ. मग शिंदे, होळकर, इब्राहिमखान गारदी, समोरच्या बाजूला अब्दाली, नजीबखान, शुजा. कोण कोणाचा आणि कोण कोणावर नाराज, एवढंच. पट्टी पुस्तकात खूण म्हणून ठेवली. वाचताना नाव अडलं की डोळे तिथेच जातील.

१४ जून

चूक माझी. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर काका, खिडकीखालच्या कपाटाचे सगळ्यात जुने वाचक. त्यांना मी काळापहाडाचं एक पुस्तक कौतुकाने काढून दिलं होतं. आज टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "बाई, शेवटची पानं नाहीत यात. रात्री एक वाजता कळलं मला."

उघडून पाहिलं. शेवटची आठ पानं गेलेली. शिवण सैल होऊन गळाली असणार. रहस्यकथेतली मधली पानं गेली तर माणूस सावरून घेतो, शेवटची गेली तर त्याच्या हातात काहीच उरत नाही. देताना मी फक्त मुखपृष्ठ पाहिलं. मी माफी मागितली. काका चिडले नव्हते, पण दुसरं पुस्तक न घेताच गेले, आणि तेच मला जास्त लागलं.

रात्री एकोणतीसच्या एकोणतीस पुस्तकं पान मोजून तपासली. चार अपुरी. त्यांच्यावर लाल चिठ्ठी लावली. ओळखीच्या अकरा वाचनालयांना पुस्तकाचं नाव आणि हवी असलेली पानं पत्राने कळवली.

२० जून

अकरावीतली एक मुलगी येते. इंग्रजी गुप्तहेरकथा मोबाइलवर वाचते, मराठीतलं फेलूदाशिवाय काही नको म्हणते. तिला म्हटलं, "एक सांकेतिक पत्र सोडवून दाखव." वहीच्या कागदावर लिहून दिलं : दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरपल्या, चांदी-तांब्याच्या नाण्यांची तर गणतीच नाही.

तिने दहा मिनिटं घेतली. आधी म्हणाली, दरोडा. मग म्हणाली, नाही, मोती दोनच आणि तेही 'गळाले' म्हणतोय, म्हणजे ही माणसं आहेत. मोती सगळ्यात मोठी माणसं, मोहरा त्यांच्या खालची, खुर्दा म्हणजे शिपाई. "मॅडम, ही लढाई आहे का?"

मग सांगितलं. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर मराठे हरले. मदतीसाठी उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांच्या हाती वाटेत सावकारी जासुदाचं पत्र पडलं, आणि त्यातून त्यांना बातमी कळली ती अशी. दोन मोती म्हणजे त्यांचा मुलगा विश्वासराव आणि चुलतभाऊ सदाशिवराव.

पोरगी गप्प झाली. जरा वेळाने म्हणाली, "त्यांनी ते स्वतःच सोडवलं असेल ना? कुणी समजावून सांगितलं नसेल." मला हे आजवर सुचलं नव्हतं. बापाने एकट्याने उलगडलेलं कोडं.

'पानिपत' घेऊन गेली. पट्टीसकट. सिस्टरना मागून दुसरी पट्टी करून द्यावी लागेल.

६ जुलै, आषाढी

वाचनालय बंद. घरी ना. सं. इनामदारांची 'झेप' पुन्हा काढून बसले. १९६३ ची कादंबरी, नायक त्रिंबकजी डेंगळे. हे पुस्तक कंडक्टर काकांसाठी, असं मनात ठरवलंय. ते पुन्हा टेबलाकडे फिरकले नाहीत, पण वर्तमानपत्र वाचायला रोज येतात. त्यांची अर्धी नोकरी पंढरपूरच्या गाडीवर गेली.

गोष्ट पंढरपूरचीच आहे आणि आषाढातलीच. जुलै १८१५. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन पेशव्यांशी जुन्या हिशेबाचा तंटा मिटवायला आलेले, इंग्रजांनी त्यांच्या जिवाची हमी घेतलेली. वारीच्या दिवसांत दुसऱ्या बाजीराव पेशव्यांबरोबर ते पंढरपूरला गेले. रात्री देवदर्शन करून बिऱ्हाडी परतत असताना रस्त्यात मारेकऱ्यांनी गाठून त्यांना ठार केलं. पेशव्यांच्या दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, रेसिडेंट एल्फिन्स्टन, याने ठपका ठेवला पेशव्यांचा कारभारी त्रिंबकजी यांच्यावर. पेशव्यांना अखेर त्यांना इंग्रजांच्या हवाली करावं लागलं. ठाण्याच्या किल्ल्यात कैद झाली.

आणि पुढे जे झालं ते कुठल्या रहस्यकथाकाराने लिहिलं असतं तर वाचक म्हणाले असते, अतिच केलं. पहाऱ्यावर मुद्दाम सगळे गोरे शिपाई ठेवले होते, मराठी कळणारं कुणी नको म्हणून. पण एका इंग्रज अधिकाऱ्याच्या घोड्यांना खरारा करणारा मोतद्दार मराठी होता. तो घोडे फिरवताना खिडकीखालून गाणं म्हणत जायचा. शिपायांच्या लेखी ते नुसतं गुणगुणणं. गाण्यात मात्र सगळा बेत होता : झाडीत माणसं कुठे दबा धरून बसलीत, घोडा कुठे उभा आहे. सप्टेंबर १८१६ मध्ये एका पावसाळी रात्री त्रिंबकजी भिंतीतून निसटले. ही हकीगत बिशप हेबर नावाच्या इंग्रज धर्मगुरूने पुढे आपल्या प्रवासवर्णनात नोंदवून ठेवली.

इनामदारांचं मला कायम मोठेपण वाटतं ते इथे. इतिहासाने ज्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं, त्यांचीच वकीलपत्रं त्यांनी घेतली. 'झेप'मध्ये त्रिंबकजी, 'मंत्रावेगळा'मध्ये दुसरा बाजीराव, 'झुंज'मध्ये यशवंतराव होळकर. वाचकाने निकाल मान्य करावाच असं नाही. पण दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निकाल देऊ नये, एवढं तरी या पुस्तकांनी माझ्यापुरतं पक्कं केलंय.

८ जुलै

काकांना वर्तमानपत्राच्या टेबलापाशी गाठलं. पंढरपूरची ती रात्र सांगितली, दर्शनापर्यंत आणि मारेकऱ्यांपर्यंत. पुढे थांबले. "मग पकडला का कुणाला?" विचारलं त्यांनी. मी पुस्तक पुढे केलं. त्यांनी आधी ते उलटं धरून शेवटची पानं मोजली. मग नेलं.

१५ जुलै

हायस्कूलच्या एका सरांना हरिभाऊ आपट्यांचं 'उषःकाल' दिलं, ते चौथ्या दिवशी परत. "भाषा जड जाते." दोष पुस्तकाचा नाही. हरिभाऊंनी ते 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः लिहिलं, वाचक आठवडाभर पुढच्या अंकाची वाट पाहायचे. एकदम बैठक मारून वाचायची ती चीज नव्हेच. सरांना म्हटलं, दर शनिवारी एकच प्रकरण वाचा. बघू.

२४ जुलै

आज गर्दी होती. फेब्रुवारीत चित्रपट आल्यापासून 'छावा'साठी नोंदवही ठेवावी लागते, सात जण रांगेत आहेत. रांगेतल्या एका तरुणाने विचारलं, "ताई, यातलं सगळं खरं आहे का?" हा प्रश्न मला आनंदाचा वाटतो. ज्याला हा प्रश्न पडला तो अर्धा गुप्तहेर झालाच.

त्याला एक इंग्रजी कादंबरी तोंडी सांगितली. जोसेफीन टे यांची 'द डॉटर ऑफ टाइम', १९५१ ची. पाय मोडून दवाखान्यात पडलेला पोलीस इन्स्पेक्टर. कंटाळलाय. हातात एक जुनं चित्र येतं, तिसऱ्या रिचर्डचं. सगळं इंग्लंड म्हणतं, याने आपल्या दोन कोवळ्या पुतण्यांना मारलं. इन्स्पेक्टर म्हणतो, हा चेहरा मला खुन्याचा वाटत नाही. मग खाटेवर पडल्या पडल्या तो चारशेहून अधिक वर्षांपूर्वीचा तपास करतो. हे कुणी लिहिलं, केव्हा लिहिलं, लिहिणारा तेव्हा तिथे होता का, आणि त्याचं पोट कुणावर चालत होतं?

आपल्याकडे हे काम कादंबरीत नव्हे, प्रत्यक्षात झालं. संभाजीराजांना व्यसनी आणि बेजबाबदार ठरवणारं चित्र कितीतरी वर्षं नाटकां-कादंबऱ्यांतून चाललं. वा. सी. बेंद्रे यांनी वर्षानुवर्षं कागद धुंडाळून १९६० मध्ये चरित्र लिहिलं, कमल गोखले यांनी १९७१ मध्ये. शिवाजी सावंतांचा 'छावा' १९७९ चा. म्हणजे आधी तपास झाला, मग कादंबरी आली. रांगेतला तरुण नंबर येईपर्यंत बेंद्र्यांचं चरित्र घेऊन गेला. जाडजूड आहे, पण नेलं.

यावरून एक काम सुचलं. प्रत्येक ऐतिहासिक कादंबरीच्या शेवटच्या पुठ्ठ्यावर आतून एक चिठ्ठी : यातल्या कुठल्या घटना कागदोपत्री आहेत, कुठली पात्रं आणि संवाद लेखकाचे. दोन-चार ओळीच. जिथे माझी खात्री असेल तिथेच लिहायचं.

३ ऑगस्ट

सिस्टर नाइट ड्यूटी संपवून सकाळीच आल्या. 'पानिपत' पुरं झालं. डोळे सुजलेले, झोपेने की रडून ते विचारलं नाही. म्हणाल्या, "भाऊंचं प्रेत नक्की सापडलं का हो?"

हाच प्रश्न तेव्हा पुण्यालाही पडला होता. पार्वतीबाईंनी नवरा गेला हे शेवटपर्यंत मानलं नाही, कुंकू पुसलं नाही. आणि मग एक माणूस उभा राहिला, मीच भाऊ म्हणणारा. १७७६ मध्ये त्याने कोकणात किल्ले घेतले, माणसं त्याच्यामागे गेली. शेवटी आंग्र्यांनी पकडलं, पुण्यात चौकशी झाली, त्याला देहान्त शिक्षा झाली. इनामदारांची 'शिकस्त' पार्वतीबाईंची आहे. सिस्टरनी ती घेतली आणि तिथेच उभ्या उभ्या पहिलं पान वाचलं.

फेलूदावाल्या मुलीलाही आज नवीन दिलं. तिला ठाऊक नव्हतं की ब्योमकेश बक्षी या बंगाली गुप्तहेराच्या कथा लिहिणारे शरदिंदु बंद्योपाध्याय पुण्यात येऊन राहिले होते. ब्योमकेशबरोबर त्यांनी विजयनगरच्या काळातली कादंबरी लिहिली, आणि शिवाजी महाराजांच्या फौजेतल्या सदाशिव नावाच्या पोराच्या गोष्टीही लिहिल्या. दोन्ही कपाटं एकाच माणसाच्या घरी होती! विजयनगर म्हटल्यावर तिला आपट्यांचं 'वज्राघात' दाखवलं. भाषेची कल्पना आधीच दिली. म्हणाली, "पट्टी करून द्या." केली.

१२ ऑगस्ट

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचा जन्मदिवस, ग्रंथपाल दिन. त्यांच्या पाच सूत्रांतलं एक टेबलावर लिहून लावलं : प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. काकांनी 'झेप' परत आणली. खुर्ची ओढून बसले आणि पाऊण तास बोलले. मुद्दा एकच : "इंग्रज म्हणाला म्हणून त्रिंबकजी? साक्षीदार कोण? खुनाने फायदा कुणाला?" मग हळूच, "ते दुसरं आलं का, पानं?" अजून नाही म्हटलं.

३० ऑगस्ट

आजची बैठक याच तारखेला मुद्दाम ठेवली. ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला तो दिवस. वय अठरा. तेव्हाही दिवस गणपतीचेच होते. आमच्याकडे उद्या गौरी यायच्यात, म्हणून किती येतील याची धाकधूक होती. एकवीस जण आले, त्यांत नऊ बायका. एकींच्या पिशवीत तेरड्याची रोपं होती.

खून कुणी केला ते सगळ्यांना ठाऊक. सुमेरसिंग गारदी आणि त्याची माणसं. म्हणून फळ्यावर मी दुसरं लिहिलं : हुकूम काय होता?

'ध'चा 'मा'. रघुनाथरावांनी 'धरावे' लिहिलं आणि आनंदीबाईंनी 'मारावे' केलं, हे मराठी मुलाला शाळेच्याही आधी कळतं. साताऱ्याच्या दरबारी इंग्रज अधिकारी म्हणून राहिलेल्या ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासात ही हकीगत आहे. तिथून सुरुवात केली.

निवृत्त तलाठी भाऊसाहेब मोडी वाचतात. ते उठले. खडूने आधी आडवी रेघ ओढली. "मोडीत रेघ आधी, अक्षरं मग. आणि शब्दात-शब्दात जागा सोडत नाहीत." रेघेखाली सलग एक ओळ लिहिली, मध्ये 'धरावे'. म्हणाले, "आता हे 'मारावे' करून दाखवा. 'ध' पुसून 'म' करायचा, ते एक वेळ जमेल. पण शिवाय काना हवा. दाटून लिहिलेल्या ओळीत त्याला जागा कुठून आणणार?"

खोली एकदम जिवंत झाली. अकरावीतली पोरगी फळ्याशी जाऊन करून बघायला लागली. दोनदा जमलं नाही, तिसऱ्यांदा काना कसाबसा बसला, पण शेजारच्या अक्षरावर चढला. "हे कुणीही ओळखेल," ती म्हणाली. त्यावर सिस्टर : "ओळखेल, पण ओळखायचं असेल तर. पगार थकलेल्या शिपायाने कागद निरखून बघितला असेल का?" काका म्हणाले, "मुळात चिठ्ठी लागतेच कशाला? तोंडी सांगितलं तरी झालं. कागद कोण मागे ठेवील?" मागून एक आजी बोलल्या, आजवर कधी बोलल्या नव्हत्या : "सगळं बाईवर ढकललं की बाकीचे सुटतात." यावर कुणीच काही बोललं नाही. मीही नाही.

मग रामशास्त्री प्रभुणे. आमच्या जिल्ह्यातल्या माहुलीचे. न्यायाधीश म्हणून त्यांनी या खुनाची चौकशी केली, दोष थेट रघुनाथरावांवर ठेवला आणि पुणं सोडलं. ज्याच्या हाताखाली नोकरी, त्याच्याच विरुद्ध निकाल. एवढा मोठा तपास अधिकारी आपल्या उशाशी असताना आम्ही बेकर स्ट्रीटचाच पत्ता पाठ करत राहिलो, याचं मला खरंच वाईट वाटतं. होम्सवर माझं प्रेम आहे, पण रामशास्त्र्यांना जीव पणाला लावावा लागला होता.

सात वाजून गेले तरी कुणी उठेना. निकाल लागला नाही. भाऊसाहेबांची ओळ फळ्यावर तशीच ठेवलीय, पुसू नका म्हणून शिपाईकाकांना सांगितलं.

आज बाहेर गेलेली पुस्तकं : भिंतीकडच्या कपाटातून चौदा, खिडकीकडच्या कपाटातून अकरा. आजींनी फिरोज इराणी नेला.

४ सप्टेंबर

पाकीट आलं. शेजारच्या तालुक्यातल्या वाचनालयाच्या ग्रंथपालांनी आठही पानांच्या झेरॉक्स पाठवल्या, वर एका चिठ्ठीत लिहिलंय, 'आमच्या प्रतीत १९ वं पान नाही. तुमच्याकडे असल्यास पाठवावे.' आहे आमच्याकडे. आजच पाठवलं.

झेरॉक्सच्या कडा पुस्तकाच्या मापाला कापल्या, खळ करून एकेक पान चिकटवलं, वर दोन जाड कोश ठेवून रात्रभर दाबलं. चिकटवताना अक्षरांवर नजर जाऊ नये म्हणून पानांवर कोरा कागद धरला होता. मीही ते वाचलेलं नाही.

५ सप्टेंबर

काका आले. पुस्तक हातात दिलं. त्यांनी शेवटचं पान उघडलं, समाप्त हा शब्द आहे ना एवढं पाहिलं आणि लगेच मिटलं. "पहिल्यापासून वाचतो. मधलं विसरलोय."

दोन पुस्तकं नेता येतात. दुसरं म्हणून 'मंत्रावेगळा' घेतलं. परतीची तारीख २० सप्टेंबर.